तुंबणाऱ्या पाण्याचा हिशेब: पाणी जिरवणाऱ्या कामांसाठी वस्तीने पालिकेकडे मागणी कशी मांडावी

‘आमच्या रस्त्यावर दर पावसाळ्यात पाणी तुंबतं, कृपया उपाययोजना करावी’ असा अर्ज दिला की गटार साफ केल्याचं उत्तर येतं आणि फाइल बंद होते. अर्ज करणाऱ्यांनी उपाय सुचवलेला नसतो, पाणी किती हेही सांगितलेलं नसतं. रेन गार्डन (पाणी मुरवणारा खोलगट वाफा), पाझर चर, पाणी झिरपणारी फरसबंदी, झाडांचे खोल आळे अशी कामं मंजूर करून घ्यायची असतील तर मागणी लिटरमध्ये मांडावी लागते. किती पाणी, कुठून येतं, त्यातलं किती कुठे अडवता येईल आणि पुढची दहा वर्षं ती जागा कोण राखणार, ही चार उत्तरं कागदावर असली की अभियंत्याला फाइल पुढे सरकवायला आधार मिळतो. ही उत्तरं वस्तीतल्या सात-आठ जणांचा गट एका पावसाळ्यात तयार करू शकतो.

आधी निदान

सगळं तुंबणं एका जातीचं नसतं. पाऊस थांबल्यावर जाळीवरचा पालापाचोळा काठीने बाजूला केला आणि पाच-दहा मिनिटांत पाणी ओसरलं, तर दुखणं साफसफाईचं आहे. तिथे रेन गार्डन मागू नका, सफाईचं वेळापत्रक मागा. चेंबरच्या झाकणातून पाणी उलटं वर येत असेल तर खालचा पाइप भरून वाहतोय. वरच्या भागातलं पाणी अडवलं तर इथे खरा फरक पडतो. नदी फुगल्यावर किंवा भरतीच्या वेळीच पाणी चढत असेल तर गटाराचं तोंडच बुडालेलं असतं. तिथे पाझर चर खणून उपयोग नाही. झडपा, पंप आणि पूररेषेतल्या बांधकामांचा तो विषय आहे. हे निदान चुकलं की मंजूर झालेलं कामही फुकट जातं आणि पुढच्या मागणीला ‘तो प्रयोग करून पाहिला, चालला नाही’ असं उत्तर मिळतं.

निदानासाठी नोंदवही ठेवा. दर मोठ्या पावसाला पाच गोष्टी लिहायच्या: पाऊस कधी सुरू झाला, पाणी कधी साचू लागलं, सर्वांत जास्त खोली किती व कधी, पाणी कधी ओसरलं, आणि नदी-खाडी जवळ असेल तर तिची पातळी. खोली अंदाजाने लिहू नका. आपल्याच आवाराच्या भिंतीवर दर 10 सेंटिमीटरला रंगाची रेघ मारा आणि प्रत्येक वेळी त्याच कोनातून फोटो घ्या. ‘गुडघाभर पाणी’ या शब्दांवर वाद होतो, रेघेवर होत नाही.

पाऊस मोजायला सरळ उभ्या कडांचा कुठलाही डबा चालतो. तळाशी आणि तोंडाशी व्यास सारखा असला की आत साचलेले मिलिमीटर म्हणजेच पडलेले मिलिमीटर. डबा भिंतीपासून किंवा झाडापासून, त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. जोराच्या पावसात दर 15 मिनिटांनी आकडा घ्या, कारण तुंबण्याचं गणित दिवसभराच्या एकूण पावसापेक्षा त्याच्या जोरावर ठरतं. चोवीस तासांत झिमझिम पडलेले 60 मिलिमीटर गटार आरामात वाहून नेतं, तेच चाळीस मिनिटांत पडले की रस्त्याचा ओढा होतो.

एक गोष्ट सक्तीची समजा: तुंबलेल्या पाण्यात कुणीही उतरायचं नाही. उघडं चेंबर दिसत नाही आणि विजेच्या खांबातून करंट उतरलेला असू शकतो. नोंदी जिन्यातून, गॅलरीतून, उंचवट्यावरून घ्यायच्या.

पाणी येतं कुठून

या कामातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि बहुतेक गट तो गाळतात. पाणी जिथे साचतं तिथे जागा नसते. तिथे दुकानं असतात, तळमजल्याची घरं असतात, अरुंद रस्ता असतो. अडवायची जागा असते चढावर: शाळेचं पटांगण, बागेची कड, रुंद फूटपाथ, वाहनतळ, मोठी छपरं.

म्हणून हलका पाऊस सुरू असताना दोघादोघांच्या जोड्यांनी साचण्याच्या जागेपासून उलट, चढाच्या दिशेने चाला. प्रत्येक वळणावर पाणी कुठून येतंय ते छापील नकाशावर बाणाने दाखवा. छपरांचे पाइप कुठे सोडलेत, कुठल्या फाटकातून पाणी बाहेर पडतं, कुठल्या जाळीला वळसा घालून ते पुढे जातं, हे पावसातच दिसतं. कोरड्या दिवशी सपाट वाटणारा रस्ता पावसात आपला उतार दाखवतो. मग उपग्रह नकाशावरचं क्षेत्रफळ मोजण्याचं साधन वापरून त्या बाणांच्या मागची छपरं, डांबर आणि काँक्रीट मोजा.

आता हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. छपरावरचं आणि डांबरावरचं साधारण 85 ते 95 टक्के पाणी वाहून जातं. भुसभुशीत, वाळूमिश्रित जमिनीवरच्या हिरवळीवरून 20 टक्क्यांपेक्षा कमी, चिकणमातीच्या चढावर 35 टक्क्यांपर्यंत. समजा, शाळेचं छप्पर 400 चौरस मीटर आणि फरसबंदीचं पटांगण 1200. दोन्हींचं पाणी फाटकातून रस्त्यावर येतं. अर्ध्या तासात 25 मिलिमीटर पाऊस झाला तर 1600 गुणिले 25 गुणिले 0.9, म्हणजे 36,000 लिटर. अर्ध्या तासाला भागलं तर सेकंदाला 20 लिटर, एकाच फाटकातून.

ते अडवायला जागा किती लागेल? रेन गार्डन म्हणजे रस्त्याच्या पातळीपेक्षा खोलगट ठेवलेला, पाणी झिरपणाऱ्या मातीचा वाफा. वर 15 सेंटिमीटर पाणी साचू द्यायचं आणि खाली 60 सेंटिमीटर मातीचा थर असेल तर मातीतल्या पोकळीत साधारण 20 टक्के पाणी मावतं. म्हणजे दर चौरस मीटरला 150 अधिक 120, मिळून 270 लिटर. 36,000 भागिले 270, साधारण 135 चौरस मीटर. पटांगणाच्या कडेने दीड मीटर रुंदीची 90 मीटर लांब पट्टी. हा आकडा हातात आला की ‘काहीतरी हिरवं करा’ आणि ‘ही पट्टी द्या’ यातला फरक समोरच्यालाही कळतो.

चढावरच्या लोकांची संमती इथूनच मिळवायला लागा. त्यांच्या दारात पाणी तुंबत नाही, त्यामुळे त्यांनी आपली जागा का द्यावी, हा प्रश्न रास्त आहे. दोष देत गेलात तर दार बंद होतं. बाणांचा नकाशा दाखवा, खालच्या घरांतल्या माणसांना सोबत न्या आणि त्यांना काय मिळेल ते सांगा: तापणाऱ्या पटांगणाला सावली, छपराचं पाणी मुरल्याने ओलावा टिकणारी झाडं, फाटकासमोरचा चिखल कमी. छपराचे पाइप गटारातून सोडवून जमिनीवर वळवणं हे सर्वांत स्वस्त पहिलं पाऊल आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने 1993 ते 2011 या काळात घराघरांतून हेच काम हजारोंच्या संख्येने करून घेतलं.

जमीन पाणी पिते का

अभियंता हा प्रश्न विचारणारच, तेव्हा चाचणी आधीच करा. जागेच्या मालकाची परवानगी घ्या आणि खालून केबल किंवा पाइप जात नाही याची खातरजमा करा. जिथे वाफ्याचा तळ येणार त्या खोलीला 30 सेंटिमीटर रुंद आणि तितकाच खोल खड्डा घ्या. कडा पहारीने गुळगुळीत झाल्या असतील तर खरवडून घ्या, नाहीतर त्या पाणी शिरू देत नाहीत. खड्डा पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळेपासून दर तासाला पाणी किती उतरलं ते पट्टीने मोजा. पहिल्या भरण्याचा आकडा धरू नका. कोरडी माती अधाशासारखं पाणी ओढते आणि निकाल फसवा येतो.

ताशी 25 मिलिमीटर किंवा जास्त उतार असेल तर जागा चांगली. 12 च्या खाली असेल तर खडीच्या थरात छिद्रांचा पाइप टाकून जादा पाणी सावकाश गटारात सोडावं लागेल. अशा जागेतही फायदा आहे, कारण पाणी तासाभराने, थोडंथोडं पोहोचतं. पण मग खर्च वाढतो, तो मागणीत आधीच धरा. पावसाळ्याच्या शेवटी भूजल सर्वांत वर असतं, तेव्हाही वाफ्याच्या तळाखाली निदान 60 सेंटिमीटर ते एक मीटर कोरडी जमीन हवी. इमारतीच्या पायापासून तीन मीटर अंतर ठेवा. जुन्या कारखान्याची, गॅरेजची, पेट्रोल पंपाची जमीन असेल तर माती तपासल्याशिवाय पाणी जिरवू नका. मातीत मुरलेलं विष त्या पाण्याबरोबर भूजलात जातं.

कुणाकडे, कधी, काय मागायचं

रस्ता एका खात्याचा, पावसाळी गटार दुसऱ्याचं, झाडं तिसऱ्याची, शाळा चौथ्याची. सगळ्यांना एकच पत्र पाठवलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. जागेची मालकी कुणाची हे पहिल्यांदा शोधा आणि मुख्य पत्र त्याच खात्याला लिहा, बाकीच्यांना प्रती द्या. माहिती मिळवण्याचा कायदा जिथे आहे तिथे तीन कागद मागा: त्या भागातल्या गटारांचा नकाशा व पाइपांचे व्यास, गेल्या काही वर्षांतल्या तुंबण्याच्या तक्रारी, आणि येत्या दोन वर्षांत खोदले जाणारे रस्ते.

तिसरा कागद सोन्याचा आहे. रस्ता नव्याने करायचाच असेल तर फूटपाथची कड मोडून पाझर चर घालणं त्याच कामात बसतं. रस्ता पूर्ण झाल्यावर तेच मागितलं तर नवं डांबर कोण फोडणार? तेव्हा निविदा निघायच्या आधी पोहोचा. तक्रारींची यादी मात्र तशीच खरी मानू नका. जे भाड्याने राहतात, ज्यांना अर्ज लिहिणं जमत नाही, त्यांच्या तक्रारी नोंदलेल्याच नसतात. तळमजल्याच्या प्रत्येक घरी जाऊन पाण्याची रेघ विचारा आणि त्या नोंदी जोडा.

पाणी तुंबल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे ऐकून घेतात, पण त्या वर्षाचे पैसे तोवर वाटले गेलेले असतात. नोंदी पावसाळ्यात गोळा करा, हिशेब लगेच पुरा करा आणि अर्थसंकल्पाचा मसुदा बनायला लागतो त्याच्या दोन-तीन महिने आधी लोकप्रतिनिधीला आणि अभियंत्याला वेगवेगळं भेटा. अभियंत्याला आधी. लोकप्रतिनिधीने त्याला विचारलं की ‘हो, बघितलंय मी’ असं उत्तर यायला हवं.

पत्र एका पानाचं ठेवा. मजकूर साधारण असा:

‘शाळेच्या फाटकातून 25 मिलिमीटर पावसात अंदाजे 36,000 लिटर पाणी रस्त्यावर येते. खालच्या चौकात या पावसाळ्यात साचलेल्या पाण्याची खोली व वेळ यांचा तक्ता सोबत आहे. पटांगणाच्या पूर्व कडेला 135 चौरस मीटरची रेन गार्डन पट्टी केल्यास हे पाणी जागेवर अडेल. जमिनीत पाणी मुरण्याचा वेग चाचणीत ताशी इतके मिलिमीटर आला. शाळेचे संमतिपत्र सोबत जोडले आहे. विनंती: (1) पुढील अर्थसंकल्पात या कामाची तरतूद, (2) देखभालीसाठी वेगळ्या शीर्षाखाली वार्षिक तरतूद, (3) संयुक्त पाहणीची तारीख.’

दुसरी विनंती कधीही गाळू नका. बांधकामाला पैसे एकदाच लागतात आणि उद्घाटन होतं, म्हणून ते मिळतात. गाळ काढायला दरवर्षी लागतात आणि ते कुणी मागत नाही. ही कामं निकामी होतात त्याचं एक मोठं कारण देखभाल हेच आहे.

सुनावणीत बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. एक नकाशा, रेघेवरचा एक फोटो, एक आकडा आणि एक मागणी, एवढ्यात संपवा. बोलणारी व्यक्ती ज्यांच्या घरात पाणी शिरतं त्यांच्यापैकी असावी, आकड्यांना उत्तर देणारी दुसरी शेजारी उभी असावी.

हमखास येणारे आक्षेप

डास होतील, हा पहिला. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडाभर साचलेलं पाणी लागतं. नीट केलेला वाफा 24 ते 48 तासांत कोरडा होतो. हे तोंडी सांगू नका, ‘48 तासांत पाणी जिरलं नाही तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करावी’ अशी अट निविदेत घालायला सांगा. पार्किंग जाईल, हा दुसरा आक्षेप. तिथे जागा घेण्याऐवजी वाहनतळावरच पाणी झिरपणारी फरसबंदी सुचवा, पण तिच्यावर उघड्या मातीचा उतार येत नाही ना ते पाहा. वरून माती वाहून आली की सांधे एका पावसाळ्यात बुजतात. अशी फरसबंदी वर्षातून दोनदा गाळ खेचणाऱ्या यंत्राने साफ करावी लागते.

आणि ‘यानं पूर थांबेल का?’ या प्रश्नाला खरं उत्तर द्या. वरच्या उदाहरणातली पट्टी पहिले 25 मिलिमीटर धरते. त्यानंतर ती भरते आणि पुढचं पाणी पूर्वीसारखंच वाहतं. चीनमधल्या झेंगझोऊ शहरात स्पंज सिटीची, म्हणजे शहराने स्पंजासारखं पाणी शोषून घ्यावं अशी, कामं झाली होती, तरी 20 जुलै 2021 रोजी तिथे एका तासात 201.9 मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडालं. नेहमीच्या, वर्षातून कित्येकदा होणाऱ्या तुंबण्यावर ही कामं चालतात. अतिवृष्टीसाठी पाण्याला जमिनीवरून सुरक्षित वाट ठेवावी लागते. कोपनहेगनने 2 जुलै 2011 च्या ढगफुटीनंतर तोच मार्ग धरला. 2012 च्या आराखड्यात रस्ते आणि बागाच पाणी वाहून नेतील किंवा धरून ठेवतील अशी रचना ठरवली, कारण नुसते पाइप मोठे करणं जास्त महाग पडत होतं. रॉटरडॅमचा बेंथेमप्लेन हा 2013 चा चौक एरवी खेळाचं मैदान आहे आणि जोराच्या पावसात टाकी होतो. जास्तीचं वचन देऊन मिळवलेली मंजुरी पहिल्या मोठ्या पावसात उलटते.

काम सुरू झाल्यावर नजर कुठे ठेवायची

पातळ्यांवर. बाकी सगळं बरोबर असून पातळी दोन बोटं चुकली तर पाणी आत शिरतच नाही. गवंड्याची लेव्हल पाइप घ्या आणि तीन ठिकाणं तपासा: पाणी आत येण्याची खाच, वाफ्याचा तळ आणि जादा पाणी बाहेर जाण्याचं तोंड. खाचेची रुंदी निदान 45 सेंटिमीटर हवी आणि रस्त्यापासून आत उतरताना 5 सेंटिमीटरची पायरी हवी. पायरी नसली की तोंडाशीच पानं आणि वाळू अडून बांध तयार होतो. आत लगेच दगडांचा छोटा खळगा ठेवायचा, गाळ तिथे बसतो आणि फावड्याने काढता येतो. जादा पाण्याचं तोंड मातीपासून 15 सेंटिमीटर वर, पण रस्त्याच्या पातळीच्या खाली. रस्त्याच्या वर गेलं तर वाफा भरल्यावर पाणी उलट रस्त्यावर येईल.

मातीत वाळू निम्म्याहून थोडी जास्त, उरलेल्यात पोयटा आणि मुरलेलं कंपोस्ट. खणलेली चिकणमातीच परत भरली जात असेल तर काम तिथेच थांबवायला सांगा. खणल्यावर आत रोलर किंवा जेसीबी उतरू देऊ नका, तळ दाबला गेला की तुमच्या चाचणीतला आकडा खोटा ठरतो. माती आणि खडी यांच्यामध्ये कापड घातलं तर ते गाळाने बुजतं, त्याऐवजी बारीक खडीचा थर द्यावा. वाफा सगळ्यात शेवटी भरायचा. वरच्या बाजूला वाळू-सिमेंटचे ढीग असताना भरला तर पहिल्याच सरीत त्यावर पापुद्रा चढतो. वरचं आच्छादन जाड लाकडी तुकड्यांचं, 5 ते 8 सेंटिमीटर. हलका भुसा तरंगून तोंडात अडकतो. झाडं अशी हवीत की ज्यांना दोन दिवस पाण्यात आणि कित्येक आठवडे कोरड्यात राहणं जमतं. त्या भागातली गवतं आणि खोल मुळांची झुडपं बहुधा टिकतात, पण पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात त्यांनाही पाणी घालावं लागतं.

काम ताब्यात घेण्याआधी टँकरने हजार-दोन हजार लिटर पाणी खाचेतून सोडायला लावा. पाणी आत वळतं का, एकाच कोपऱ्यात साचतं का, माती कापत जातं का, हे अर्ध्या तासात दिसतं. बिल निघण्याआधी दाखवलेली चूक ठेकेदार दुरुस्त करतो.

देखभालीचा लेखी करार करा आणि त्यात व्यक्तीऐवजी खात्याचं व पदाचं नाव घाला, बदली झाली तरी जबाबदारी राहते. पावसाळ्याआधी खाच मोकळी करणं, प्रत्येक मोठ्या पावसानंतर फेरी, दगडी खळगा निम्मा भरला की गाळ काढणं, वर्षातून एकदा आच्छादन. पाणी 48 तासांपेक्षा जास्त थांबू लागलं तर बहुधा वरचा 5 ते 8 सेंटिमीटर थरच बुजलेला असतो. तो काढून ताजी माती घातली की काम पुन्हा चालू लागतं, सगळं उकरायची गरज नसते.

भिंतीवरच्या त्याच रेघेवर, त्याच कोनातून, पुढच्या पावसाळ्यातही फोटो घेत राहा. तितक्याच जोराच्या दोन पावसांची आधीची आणि नंतरची खोली शेजारी मांडली की पुढच्या रस्त्याची मागणी सोपी होते. एकेक पट्टी मागत बसण्याऐवजी मग नियमच मागता येतो: नव्या बांधकामाने आपल्या छपराचं आणि फरसबंदीचं ठरावीक मिलिमीटरपर्यंतचं पाणी आपल्याच आवारात जिरवावं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ठरावीक आकाराच्या वरच्या बांधकामांना 2006 पासून पहिल्या एक इंचाचं बंधन होतं, 2015 मध्ये ते दीड इंच झालं. नियमाच्या मसुद्यात ताबा देण्याआधीची पाणी सोडून चाचणी आणि दर काही वर्षांनी तपासणी, ही दोन कलमं आहेत ना ते ओळीवर बोट ठेवून वाचा. ती नसतील तर नकाशात वाफा दिसेल आणि जागेवर काँक्रीट.